मदत हवी आहे: खदानीच्या डम्पवरची झाडं आणि माती ब्लॅक अँड व्हाईटमध्ये एकच दिसून राहिलीत

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा. उमरेडकडे कोळशाच्या खुल्या खदानी आहेत, कोळशाच्या वरची माती-दगड काढून टाकतात त्याचे डम्प आता टेकड्यांएवढे झालेत. ट्रकने रचलेल्या पायऱ्या अजून ओळखू येतात, त्यांना आडव्या घळी पावसाने पाडल्या आणि वर सुबाभूळ, बाभूळ माजलीय. माणसाने रचलेलं आणि पावसाने कापलेलं एकाच उतारावर दिसतं, मला फोटोत नेमकं तेच पाहिजे.

रंगीतमध्ये तांबूस माती आणि हिरवी पानं चटकन वेगळी कळतात, पण ब्लॅक अँड व्हाईट केलं की दोन्ही सारखीच करडी. रॉ फाईलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या डिजिटल फाईलमध्ये) हिरव्याचा उजळपणा वर नेऊन पिवळ्याचा खाली आणला तर पानांतच पिवळा इतका असतो की झाडंही काळवंडतात, आणि जास्त ओढलं की फांद्यांच्या कडेला पांढरी रेघ येते, प्रिंटमध्ये ती फार खुपते.

फिल्मवर (एचपी५ ही ब्लॅक अँड व्हाईट फिल्म) २५ नंबरचा लाल फिल्टर लावला की माती उजळ, पानं गडद, म्हणजे फरक पडतो. पण मोकळ्या आकाशाखाली घळींतल्या सावलीला निळाच उजेड मिळतो आणि लाल फिल्टर तोच अडवतो, मग घळ ठार काळी. त्यात ३ स्टॉप जातात (म्हणजे उजेड आठवा हिस्साच उरतो) ते वेगळंच. उन्हाळ्यात तर धुरकट पांढऱ्या आकाशावर काही परिणामच नाही.

माणसाने बदललेल्या भूभागाच्या फोटोंचं १९७५ चं न्यू टोपोग्राफिक्स प्रदर्शन, त्यात ज्यांचं काम होतं ते जर्मन फोटोग्राफर बेखर पतीपत्नी मुद्दाम ढगाळ उजेडात फोटो काढायचे, कारखान्यांच्या टाक्या-मनोऱ्यांना ते शोभतं, पण ढगाळ दिवशी माझ्या घळींचा उठावच जातो, त्यांना तिरपं ऊन लागतंच. इन्फ्रारेड नको, पानं बर्फासारखी पांढरी होतात आणि खदान खदान राहत नाही.

तर ऑक्टोबरातल्या सकाळच्या तिरप्या उन्हात नारिंगी फिल्टर लावून एक्सपोजर सावलीवर धरावं आणि फिल्मचं डेव्हलपिंग कमी करावं, की पिवळट-हिरवा लावून पानंच उजळ ठेवावी? मनसरच्या मँगनीज खदानीकडे किंवा दुसऱ्या कुठल्या डम्पवर कोणी असं काम केलं असेल तर फिल्टर, वेळ आणि डेव्हलपरसकट (फिल्म धुण्याच्या रसायनासकट) सांगा. फोटो रस्त्यावरूनच काढतो, आत परवानगीशिवाय जाता येत नाही, म्हणून लांब लेन्सच वापरावी लागते हे धरूनच सांगा.