मनिलातल्या गल्लीतली बेकरी : काय घ्यावं, काय विचारून घ्यावं?

नीलांबरी

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही फिलिपिन्सला, मनिलाच्या मकाती भागात राहायला आलो, त्याला तीन आठवडे झाले. आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत एक लहानशी पानादेर्या आहे. बेकरीला इथे हाच शब्द. एका शटरची रुंदी, पुढे काचेचं कपाट, कपाटात पत्र्याचे ट्रे, आणि मागे अंधारात भट्टी. तिथून जाताना असा वास येतो की पाय थबकतातच.

काल दुपारी चारला लेकाला घेऊन गेले. ही इथली मेरिएंदाची वेळ, म्हणजे आपलं मधल्या वेळचं खाणं. शाळेतली पोरं, ट्रायसिकलवाले, ऑफिसातल्या मुली, सगळे काचेवर बोट ठेवून दोन-तीन नग घेत होते. मीही बोट ठेवलं. तीन वस्तूंचे ४२ पेसो झाले. फुटपाथवरच उभं राहून आम्ही दोघांनी वाटून खाल्लं.

पहिला स्पॅनिश ब्रेड. वळकटीसारखा गुंडाळलेला, आत लोणी, साखर आणि पावाचाच चुरा यांचं ओलसर, जरा खरखरीत सारण. दुसरा उबेचा, गडद जांभळा. बाजारात कंद पाहिला तेव्हा कळलं की उबे म्हणजे आपलं कोनफळ! तिसरा पान दे कोको. दिसायला साधा बन, पण फोडला आणि आत खोबरं, गुळासारख्या तपकिरी साखरेत शिजवलेलं. पहिल्या घासाला मी बोलायचीच थांबले. इतक्या लांब, अनोळखी गल्लीत, करंजीचं सारण माझी वाट बघत होतं असं वाटलं.

आता अडचण. मी अंडं खाते, मांस नाही. इथे डुकराची चरबी कशाकशात घालतात? विचारायचं कसं? आणि एका ट्रेमध्ये लालभडक सारणाचा पाव होता. नाव विचारलं तर काउंटरवरची मुलगी आणि शेजारची गिऱ्हाईक बाई एकमेकींकडे बघून हसल्या, "पान दे रेग्ला" म्हणाल्या आणि पुढे काही सांगेनात. कुणाला माहीत आहे?

खलाशी

ताई, पानादेर्यात दुपारी गेलात तिथेच मुख्य गोष्ट हुकली. पहाटे जा. पांदेसाल, म्हणजे तिथला रोजचा साधा पाव, पहाटेचा असतो.

मी मालवाहू जहाजांवर चौदा वर्षं आहे, आणि फिलिपिनो सहकारी नाहीत असं एकही जहाज मला मिळालेलं नाही. एका जहाजावरचा कुक इलोइलोचा होता. दर रविवारी तो रात्री दोनला उठून पीठ मळायचा. माझा रात्री बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहारा असे. तो संपवून खाली उतरलो की मी सरळ गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, जाऊन उभा राहायचो. फुगलेल्या पिठाची तो हातभर लांब वळी करायचा. तिला ते बास्तोन म्हणतात, म्हणजे काठी. ती वळी पावाच्या बारीक चुऱ्यात घोळवायची, पत्र्याच्या सरळ पात्याने दोन-दोन बोटं रुंदीचे तुकडे पाडायचे, कापलेली बाजू वर ठेवून परत चुरा भुरभुरायचा आणि पुन्हा फुगू द्यायचं. वरची ती रवाळ पूड म्हणजे हाच चुरा. शिळा पाव वाया घालवणं त्याला सहनच व्हायचं नाही.

नावाचा अर्थ मिठाचा पाव, पण चव किंचित गोडसरच. आपला 'पाव' पोर्तुगिजांच्या पाओवरून आला, त्यांचा 'पान' स्पॅनिशमधून. मूळ एकच. हा सगळा भाताचा देश, गहू तिथे पिकत नाही, आजही बाहेरून येतो. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनची सत्ता होती, तेव्हा गव्हाचा पाव तिथे रुजला.

खायचा कसा? गरम असताना, काळ्या कॉफीत बुडवून. तुम्ही शाकाहारी आहात तर केसोंग पुती शोधा. काराबाव म्हशीच्या दुधाचं पांढरं, मऊ चीज असतं, केळीच्या पानात गुंडाळून विकतात. पांदेसाल मधोमध फाडून त्यात ते घालायचं. यापलीकडे न्याहारीला काही लागत नाही, हे मी मनापासून सांगतो.

सुनंदा_केझॉनसिटी

नीलांबरी, मी इथे नऊ वर्षं आहे. चरबीचं विचारलंस ते फार बरं केलंस, कारण नुसतं बघून कळत नाही.

"मे मांतिका नांग बाबोय पो बा इतो?" एवढं वाक्य पाठ कर. ह्यात डुकराची चरबी आहे का, असा अर्थ. 'मांतिका' साध्या तेलालाही म्हणतात, म्हणून 'बाबोय' म्हणजे डुक्कर हा शब्द हवाच. आणि 'पो' विसरू नकोस. आपण 'अहो' लावतो तसा तो आदराचा शब्द आहे. त्या एका अक्षराने समोरच्याचा चेहरा बदलतो.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते होपियाला. हा चिनी लोकांबरोबर फुजियानहून आलेला पदार्थ. पापुद्र्यांची लहान गोल वडी, आत सारण. होपिया मुंगो म्हणजे मुगाच्या पुरणाचा. तो बघून तुझा हात आपोआप पुढे जाईल, पण पापुद्रे सुटावेत म्हणून जुन्या पद्धतीत चरबीच घालतात. होपिया बाबोयच्या तर नावातच डुक्कर आहे, आणि आत चरबीबरोबर असतो पाकवलेला कोहळा! एन्साइमादा हा गोड पावही विचारून घे. मूळ स्पेनच्या मायोर्का बेटाचा, आणि तिथल्या भाषेत 'साइम' म्हणजे डुकराची चरबी. इथे बहुतेक ठिकाणी लोणी वापरतात, वर साखर आणि किसलेलं चीज. पण बहुतेक म्हणजे सगळीकडे नव्हे.

आता तो लाल पाव. रेग्ला म्हणजे मासिक पाळी. लाल सारणामुळे ते नाव पडलं, म्हणून त्या दोघी हसल्या. कालिहिम असंही म्हणतात, म्हणजे सेक्रेटरी. सारण असतं उरलेल्या पावाचं. पाव भिजवून, दूध-साखर घालून आटवतात आणि लाल रंग टाकतात. मला त्या पावाबद्दल खरंच आदर आहे. कालचा पाव आज दुसऱ्या पावाच्या पोटात जाऊन विकला जातो, आणि तो परवडतो म्हणून शाळेतली पोरं पोटभर खातात.

रविवारी वेळ काढून बिनोंदोला जा. १५९४ साली वसलेली चिनी वस्ती आहे ती. तिथल्या एंग बी टिनमध्ये, १९१२ पासूनचं दुकान आहे, उबेचा होपिया मिळतो. वाक्य तिथेही वापर.

रानमेवा

कोनफळाचं वाचून राहवलं नाही. त्याला स्वतःची चव असते का? आमच्याकडे भाजीत जातं तेव्हा मसालाच बोलतो.

नीलांबरी

@रानमेवा, असते, पण हळू आवाजात. थोडी व्हॅनिलासारखी, थोडी भाजलेल्या सुक्या मेव्यासारखी. दुधात आटवला की नीट कळते.

खलाशीदादा, सुनंदाताई, आज पहाटे जाऊन आले. सव्वापाचला. अंधारच होता, गल्लीत कोंबडा आरवत होता आणि दुकानासमोर माझ्या आधी सात माणसं. आत एक पोरगा कमरेपर्यंत उघडा, अंगभर पीठ, पात्याने खट् खट् खट् वळी कापत होता. आणि ती कापलेली बाजू खरंच वरच ठेवत होता! दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर माझं तिकडे लक्षही गेलं नसतं.

माझा नंबर आला तेव्हा वाक्य म्हटलं. घाबरत, पण 'पो'सकट. काउंटरवर आज मोठ्या बाई होत्या, सगळे त्यांना 'आते' म्हणत होते. आपली ताईच ती. त्यांनी मान हलवली, "वाला, वाला", नाही नाही. मग माझा चेहरा बघून आत गेल्या आणि वनस्पती तुपाचा डबाच उचलून काचेवर ठेवला. त्यावरचं चित्र बोटाने दाखवलं. नंतर होपियाच्या ट्रेकडे बोट करून म्हणाल्या, "बाबोय", आणि माझ्यासाठी हात आडवा हलवला. मागे रांग खोळंबली होती, कुणी एक शब्द बोललं नाही.

दहा पांदेसाल घेतले, ३० पेसो. खाकी कागदाची पिशवी, तळाशी वाफेने ओली होऊन काळपटलेली. छातीशी धरून चालले तर ऊब थेट कपड्यातून आत. एक वाटेतच फोडला. बाहेरचा चुरा बोटांना लागतो, साल इतकी पातळ की नखाने सुटावी, आणि आतून कापसासारखा वाफाळता धागा निघतो. मिठाचा म्हणवणारा पाव आणि शेवटी जिभेवर गोडवा. लेकाला झोपेतून उठवून कपभर दुधात बुडवून दिला. सहा वर्षांचा आहे, नवीन घरात आल्यापासून सकाळी धड काही खात नव्हता. त्याने पिशवीत परत हात घातला तेव्हा डोळे अजून पुरते उघडले नव्हते.

आतेंनी जाताना विचारलं, "बुकास उलित?" उद्या परत? मी हो म्हणून आलेय. लाल पावसुद्धा उद्याच.