रहाडीच्या माहितीपटात मागे डीजेचं गाणं आलंय, काय करू? (बजेट १२ हजार)

गोदाकाठचा: रंगपंचमीला नाशिकच्या शनिचौकातल्या रहाडीवर (रंगीत पाण्याचा हौद) २२ मिनिटांचा माहितीपट केलाय. सगळ्यात झकास धप्पा (रहाडीतली उडी) ज्या शॉटमध्ये, त्यातच मागे डीजेवर सिनेमाचं गाणं दणदणतंय, चांगलं ४० सेकंद. शिवाय १९६२च्या वर्तमानपत्रातला एक फोटो घेतलाय. यूट्यूबवर टाकायचाय, फेस्टिव्हललाही पाठवायचाय, पण कॉपीराइटचं काय? हातात फक्त १२ हजार.

लेन्सवाला: १० सेकंदांच्या आत ठेव, काही होत नाही. माझ्या लग्नाच्या व्हिडिओंना आजवर कुणी हात लावला नाही.

पंचवटी४२: सेकंदांचा असा नियम कायद्यात कुठेच नाही. मला यूट्यूबवर ६ सेकंदांवर क्लेम (गाणं आमचं, असा कंपनीचा दावा) आला, त्या व्हिडिओची कमाई गेली कंपनीकडे. नशीब क्लेमच होता. स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याची ताकीद, ९० दिवसांत ३ झाले की चॅनलच जातं.

मिसळप्रेमी: सरळ संगीतकार गाठा. मी ४५ हजारांत करून घेतलं, तबला खरा, सॅम्पल नाही.

गोदाकाठचा: अहो, १२ हजार!

मिसळप्रेमी: हौसेला मोल नसतं राव.

जुनी_गल्ली: ते असू द्या. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, शनिचौकाची गुलाबी. तुमच्या पोस्टरवर पिवळा रंग कसा? पिवळी तिवंधा चौकातली.

गोदाकाठचा: पोस्टरचा फोटो तिवंध्यातलाच आहे काका.

जुनी_गल्ली: मग नाव शनिचौकाचं कशाला?

वकीलताई: १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ बघा. चौकातला पुतळा किंवा मागच्या भिंतीवरचं चित्र ओघात दिसलं तर चालतं, पण ही सूट चित्र-शिल्पासारख्या कलाकृतींना आहे, गाण्याला नाही. गाण्यासाठी दोन परवानग्या लागतात, शब्द-चालीची वेगळी, रेकॉर्डिंगची वेगळी. फोटो १९६२लाच, फोटोग्राफरच्या नावाशिवाय छापला असेल तर ६० वर्षं संपलीत, वापरा; नाव असेल तर मात्र ६० वर्षं त्याच्या मृत्यूनंतर मोजतात. तारीख दिसेल असं अख्खं पान मात्र जपून ठेवा, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला.

लेन्सवाला: तेच म्हणतोय मी, १० सेकंद.

ढोलपथक_सिडको: आमच्याकडून ढोल रेकॉर्ड करून घे, १० हजारांत. लेखी परवानगीसकट.

पंचवटी४२: गाणं वेगळं काढणारं ॲप वापरून बघितलंस? मी बघितलं. गाणं गेलं, पण माणसांचा आरडाओरडा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा वाजायला लागला.

गोदाकाठचा: आभार मंडळी. फोटोचं पान स्कॅन करून ठेवलं. ढोल नको, त्या दिवशी तिथे ढोल नव्हताच. ते ४० सेकंद मुकेच ठेवतोय, पोरगं पाण्यात आपटतं तिथून आवाज सुरू. मित्र म्हणतो स्पीकर बिघडल्यासारखा वाटतो. वाटू दे.

लेन्सवाला: १० सेकंद ठेवायला हरकत नव्हती.