मदत हवी आहे : मिश्री सोडली आणि हिरड्यांतून रक्त सुरू झालं

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची, कऱ्हाडजवळ गावी असते. मधुमेह आहे. चाळीसेक वर्षं मिश्री लावायची. नातीने हट्ट धरला म्हणून गणपतीत सोडली आणि महिनाभरात दात घासताना रक्त यायला लागलं. झालं! "मिश्री होती तोवर एक थेंब आला नाही," हे रोज फोनवर ऐकतोय.

दिवाळीत तिला दंतवैद्याकडे नेलं. त्यांनी बारीक सळईने दात आणि हिरडी यांमधली खोली मोजली. बऱ्याच ठिकाणी ५-६ मिमी, एका दाढेला ७. निरोगी हिरडीत १ ते ३ असते म्हणे. एक्स-रेत हाड खाली गेलेलं दिसलं. खालच्या दातांना आतून किटण तर इतकं, की दात कुठे संपतो ते कळेना. भूल देऊन हिरडीखालून सफाई करायची, दोन-तीन वेळा यावं लागेल, असं सांगितलं.

माझ्या दोन शंका. हे सगळं जंतूंमुळेच होत असेल, तर अँटिबायोटिकचा कोर्स का देत नाहीत? (तिथेच विचारायला हवं होतं, पण बाहेर सात पेशंट आणि आईची चुळबुळ.) दुसरी, शेजारच्या काकूंचे दात सफाईनंतर हलायला लागले. आई त्यावरच अडून बसली आहे.

प्रतिसाद १
आमच्याकडे तुरटीच्या गुळण्या करतात. रक्त थांबतं. सफाईबिफाई हे पैसे काढायचे धंदे.

प्रतिसाद २
मी दंतवैद्य आहे. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे ढोबळ लिहितो.

तुरटीने कातडी आक्रसते, रक्त थांबल्यासारखं वाटतं. खालचा थर तसाच राहतो.

मोरीच्या कोपऱ्यात बुळबुळीत थर धरतो ना, तसाच दातांवर धरतो. त्यातले जंतू सुटे नसतात, स्वतःच बनवलेल्या चिकट आवरणात दाटीने राहतात. औषध वरवरच्यांना मारतं, आत पुरेसं पोचत नाही. हे पहिल्यांदा दिसलं ते हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहूकला, स्वतः बनवलेल्या सूक्ष्मदर्शकातून. त्याने १६८३ च्या पत्रात दातांवरच्या थरातले जीव वर्णिले आहेत. त्याने व्हिनेगरने दात धुऊन पाहिले, तर बाहेरचे जीव मेले, आतले जिवंत! म्हणून आधी खरवडणं. गरज पडलीच तर गोळ्या त्याच्या जोडीला.

थर जुना होतो तसे हिरडीखाली, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिससारखे जंतू वाढतात. ते हाड कुरतडत नाहीत. त्यांच्याशी लढताना शरीराचीच सूज हाड झिजवते. साखर वाढलेली असेल तर ही सूज जास्त भडकते, आणि सूज राहिली की साखरही आटोक्यात यायला त्रास देते. सफाईनंतर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) थोडं खाली आलेलं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

आता मिश्री. सिगरेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि सोडल्यावर वाढतं, हे नीट नोंदलेलं आहे. निकोटिन रक्तवाहिन्या आखडतं. मिश्रीही जाळलेला तंबाखूच. आईंच्या बाबतीतही असंच झालं असावं. पण ७ मिमीचा खड्डा दोन महिन्यांत पडत नाही, रोग आत आधीपासूनच होता.

शेजारच्या काकूंचं म्हणाल तर दात आधीच हलत असणार, किटणाने ते सिमेंटसारखे एकमेकांना धरून ठेवलेले. किटण काढलं की खरी स्थिती कळते. सूज उतरल्यावर फटी दिसतात, काही दिवस गार पाणीही झोंबतं. हे आईंना आधीच सांगा, नाहीतर नंतर तुमचं काही खरं नाही.

धागाकर्ता
मनापासून आभार! मोरीचं उदाहरण फोनवर सांगितलं. "मग नुसतं पाणी ओतून काय उपयोग, घासावंच लागतं," असं तीच म्हणाली. मंगळवारची वेळ घेतली. उपाशी न्यायचं का?

प्रतिसाद २
अजिबात नाही. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना आधी सांगा.