‘शांततेची रिंग’: वेढा, रिंगण की कडं?

विचारणा:
एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. फेब्रुवारी २०१५ मध्ये डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या सिनेगॉगबाहेर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाबाहेर, पहाऱ्यावरचा ज्यू स्वयंसेवक गोळीबारात मारला गेला. आत एका मुलीच्या बात मित्झवाचा, म्हणजे ती धर्माच्या दृष्टीने वयात आल्याचा, समारंभ चालू होता. आठवड्याभरात, २१ तारखेला, नॉर्वेतल्या तरुण मुस्लिमांनी पुढाकार घेऊन ऑस्लोच्या सिनेगॉगभोवती हातात हात घालून उभं राहायचं ठरवलं. हजारावर माणसं जमली. याला तिथे ‘शांततेची रिंग’ म्हणतात. मी लिहिलं, ‘मुस्लिम तरुणांनी सिनेगॉगला वेढा दिला’. नवऱ्याने वाचलं आणि विचारलं, ‘मग किती दिवसांनी पडलं?’ काय लिहू?

प्रतिसाद:
वेढा, घेराव, गराडा तिन्ही बाद. तिन्हींत आतल्याचा जीव मुठीत असतो. ‘मानवी साखळी’ चालेल, पण तिला दोन टोकं असतात. ‘रिंगण’ कसं वाटतं? वारीतलं. भक्तीचा वासही येतो.

प्रतिसाद:
वास येतो, पण अर्थ उलटा. रिंगणात अश्व धावतो, भोवतीचे त्याच्याकडे तोंड करून बघत असतात. राखण करणारा आतल्याकडे पाठ करतो. शिवाय वर्तमानपत्रांनी निवडणुकीचा आखाडा करून टाकलाय त्या शब्दाचा. साधं ‘कडं’ घ्या. गर्दीत पोलीस कडं करतात. आमची आजी बाळाला पलंगावर निजवून चारी बाजूंनी उशांचं कडं करायची, मगच चुलीकडे वळायची.

विचारणा:
उशांचं कडं! ठरलं. आणखी एक, अँटिसेमिटिझमला ‘सेमिटिकविरोध’ लिहिलंय.

प्रतिसाद:
ते मात्र बदलाच. सेमिटिक भाषांमध्ये अरबीही येते, मग वाचक म्हणणार, ‘अरब सेमिटिकविरोधी कसा असेल?’ आणि चर्चा भलतीकडे जाणार. जर्मनीत विल्हेल्म मार याने १८७९ च्या सुमारास हा शब्द रूढ केला, तोच मुळी ज्यूंसाठी. जुन्या धार्मिक द्वेषाला वंशशास्त्राचा मुलामा हवा होता. तो मुलामा आपण मराठीत कशाला आणायचा? ‘ज्यूद्वेष’ लिहा. ‘विरोध’ही नको, विरोध मताला, धोरणाला असतो. पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये २०१८ साली शनिवारच्या प्रार्थनेला आलेल्या ११ जणांना मारलं, त्यात विरोध कसला?

प्रतिसाद:
जरा अवांतर. मी अलिबागचा. आमच्याकडे इस्राएल आळी आहे, तिथल्या सिनेगॉगला जुनी माणसं सरळ ‘मशीद’ म्हणत. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांतही तोच शब्द. पुण्यात ते ‘लाल देऊळ’ झालं. तेव्हा सिनेगॉगला परका शब्द समजून ‘ज्यूंचे प्रार्थनास्थळ’ असं सरकारी काही लिहू नका. पहिल्यांदा हवं तर तसं सांगा, पुढे सिनेगॉग.

प्रतिसाद:
‘मशीद’ इथे वापरू नका हं. मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चला ज्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली, त्या खरोखरच्या मशिदी. लेखात दोन्ही आले तर गोंधळ.

विचारणा:
दोन्ही येतायत, म्हणून सिनेगॉगच ठेवते. आता वाक्य असं: ‘मुस्लिम तरुणांच्या हाकेला ओ देऊन जमलेल्यांनी सिनेगॉगभोवती कडं धरलं.’ धरलं की केलं?

प्रतिसाद:
केलं. धरलं म्हटलं की वाड्याच्या दाराचं कडं आठवतं.