पावसाळ्यात ग्रुपचा सकाळचा व्यायाम हॉलमध्ये न्यायचाय : जागा, फरशी, आवाज याचं कसं बसवावं?

रंकाळा_पहाट
कोल्हापुरात रंकाळा तलावाकाठी सकाळी सहा ते सात आमचा २८ जणांचा ग्रुप असतो, वयं तिशीपासून पासष्टीपर्यंत. वीस मिनिटं चालणं-पळणं, मग सूर्यनमस्कार, जोर, बैठका. पावसात हे जमत नाही. एका मंगल कार्यालयाचा पहिल्या मजल्यावरचा हॉल मिळतोय : ४० बाय २५ फूट, गुळगुळीत टाइल्स, खाली मालकांचं बिऱ्हाड. दुसरा पर्याय अपार्टमेंटचं पार्किंग. २८ जण मावतील का? पळण्याऐवजी काय घ्यायचं? आणि हॉलवर जायचं की मैदानावर, हे कधी ठरवायचं?

पेठकरी
मावतील, पण सगळे एकदम आडवे होऊन नाही. सूर्यनमस्काराला माणशी ८ बाय साडेचार फूट धरा. सात-सात जणांच्या दोन ओळी केल्या की साडेएकतीस बाय सोळा फूट जागा जाते. लांब भिंतींच्या कडेला प्रत्येकी साडेचार फुटांची पट्टी उरते. उरलेले १४ जण तिथं, एकेका भिंतीला सात. त्यांनी भिंतीवरचे जोर, जागेवरची चाल, टाचा उचलणं असे उभ्याचे प्रकार करायचे. आठ मिनिटांनी अदलाबदल.

४० सेकंद काम, २० सेकंद विश्रांती, म्हणजे आठ मिनिटांत आठ प्रकार होतात. अशा चार फेऱ्या, आधी दहा मिनिटं अंग गरम करणं, शेवटी दहा मिनिटं अंग ताणणं. एकूण ५२ मिनिटं. उरलेला वेळ मॅट घालण्या-गुंडाळण्यात जातो.

पार्किंगचा नाद सोडा. सहा-सातच्या दरम्यानच गाड्या निघतात, धूर तिथंच कोंडतो आणि ऑइलचे डाग ओले झाले की पाय सटकलाच.

लाल_माती
खरी काळजी फरशीची घ्या. बाहेरून आलेलं पाणी हेच पडण्याचं पहिलं कारण. छत्र्या, रेनकोट, चपला जिन्याखालीच राहू देत. दारात दोन गोणपाटं टाका : पहिल्यावर पाय झटकायचे, दुसऱ्यावर कोरडे करायचे. बूट घालायचे तर फक्त हॉलपुरते वेगळे, पिशवीतून आणलेले. नुसते मोजे घालून कुणालाही उभं करू नका. फरशी आदल्या संध्याकाळी साध्या पाण्यानं पुसून घ्या. साबणाचा अंश राहिला तर घाम पडताच ती निसरडी होते. व्यायामाच्या मध्येही एक कोरडं फडकं हाताशी ठेवा.

कार्यालयातली सतरंजी वापरायचा मोह होईल, पण टाइल्सवर ती सरकते आणि जोर मारताना हातच पुढं जातात. खालून रबराची पकड असलेली ६ मिमीची मॅट घ्या. ओली मॅट गुंडाळून ठेवली की बुरशी आणि वास आलाच, म्हणून घरी नेऊन दोरीवर पसरायची.

हवेचंही बघा. जुलैत दमटपणामुळं घाम वाळत नाही, त्यामुळं गारवा असूनही अंग तापत राहतं. समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पाऊस आत येत असेल तर वाऱ्याच्या बाजूची तेवढी अर्धी लोटा. पंखे दहा मिनिटं आधी सुरू करा. बोलताना वाक्य तुटायला लागलं की त्या माणसानं वेग कमी करायचा.

शाहूपुरीची_ताई
खाली बिऱ्हाड आहे तर उडी आणि पळणं पूर्ण बंद. आवाज टाचेचा होतो, म्हणून जागेवर चालताना गुडघा कमरेपर्यंत उचला आणि पाऊल चवड्यावर टेका. सूर्यनमस्कारात आणि सपाट्यांत दोन्ही पाय एकदम मागं फेकू नका, एकेक करून न्या. धाप लागायला हवी असेल तर बैठका सावकाश करा : खाली जाताना चार आकडे, वर येताना दोन. मांड्या भरून येतात, पळण्याची उणीव फार जाणवत नाही.

लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. सहानंतरही गाणी नकोतच, टाळी आणि आकडा पुरे. मालकांशी संबंध टिकले तर पुढच्या वर्षीही हॉल मिळेल.

रंकाळा_पहाट
उपयोगी माहिती, धन्यवाद ताई. दोघांचे गुडघे दुखतात, त्यांना बैठका कशा द्यायच्या?

शाहूपुरीची_ताई
खुर्चीवरून उठणं-बसणं द्या. प्लास्टिकची खुर्ची टाइल्सवर मागं सरकते, म्हणून तिची पाठ भिंतीला टेकवूनच. हाताचा आधार घेतला तरी चालेल, पण धाडकन बसायचं नाही. दुखणं वाढलं की थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. रक्तदाब असलेल्यांना जोर मारताना श्वास रोखू देऊ नका. मोठ्यानं आकडे मोजायला लावा, श्वास आपोआप सुटतो.

पेठकरी
ठरवण्याचं राहिलं. जुलै-ऑगस्ट रोज हॉलच, त्यात चर्चा नको. जून आणि सप्टेंबरात आदल्या रात्री नऊला एकानंच मेसेज टाकायचा. पहाटे साडेपाचला बदल केला की निम्मे इकडं, निम्मे तिकडं. वळवात आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला तर मैदान सोडा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जाऊ नका.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळीही ग्रुपवर टाकत जा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ च्या पुढं गेली की हॉलही बंद ठेवा, कारण नदीकडच्या भागातनं येणाऱ्यांना तुंबलेल्या पाण्यातनं यावं लागतं. त्यात उघडी गटारं दिसत नाहीत, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची (उंदरांच्या मूत्रातनं पाण्यात येणाऱ्या जंतूंमुळं होणाऱ्या तापाची) भीती. त्या दिवशी प्रत्येकानं घरीच बारा सूर्यनमस्कार घालायचे.