मदत हवी आहे: स्केचबुकात चुकीची रेघ ओढायला हात धजत नाही

नमस्कार मंडळी. डिझाइनचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीत रावेर तालुक्यातल्या आमच्या गावी आले आहे. रोज स्केचबुकची दोन पानं भरायची, असं कॉलेजने सांगितलंय. अकरा दिवस झाले. बावीस पानं व्हायला हवी होती, झाली नऊ, आणि त्यातली चार मी फाडून टाकली.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या, दुसरीला ए ग्रेड होती. त्या तयारीत हाताला एकच वळण लागलं: आधी फिकट रेघ, मग खोडरबर, मग पक्की रेघ, शेवटी छायाप्रकाश. स्थिरचित्रातला तांब्या आणि चुणीदार कापड आजही न बघता काढेन. पण स्केचबुक तपासताना एक सर म्हणाले, "हा अल्बम झाला. तू विचार करताना यात कुठे दिसत नाहीस." खूप लागलं, कारण ते खरं होतं.

कागदाकडे न बघता बाह्यरेषा काढायचा सराव आम्हाला दिला होता. परवा आजी अंगणात ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, थापत होती. मी तिच्या हातावरून नजर न हलवता पेन फिरवलं. खाली बघितलं तर बोटं सहा आणि बांगडी मनगट सोडून भलतीकडेच. पण अंगठा! आजीचा अंगठा टोकाशी बाहेर वळतो. इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लं, पण हे कधी दिसलं नव्हतं. ते पान मात्र फाडवलं नाही.

खरी अडचण मळ्यात येते. केळी कापणीची टोळी आली की एक जण घड कापतो, दुसरा तो चुंबळीवर घेऊन ट्रककडे निघतो. मी पेन्सिल टेकवेपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो. मग फोटो काढते आणि घरी बसून त्यावरून चित्र करते. मान, खांदा, घड, सगळं बरोबर येतं. फक्त घडाला वजन नसतं.

शेजारच्या यावल तालुक्यात फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि इथल्याच साहित्यातून केली होती. १९३८ मध्ये गुजरातेतल्या हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्यांनी केलेली चित्रं मी सारखी बघते. साधी कष्टकरी माणसं, आणि रेघ एका दमात ओढलेली. तशी रेघ यायला रोज नेमकं काय करायचं? आणि बिघडलेली पानं ठेवायची का?

प्रतिसाद १

अगं, आधी ते स्केचबुक कपाटात ठेव. किराणा दुकानातली शंभर पानी वही आण, बिनरेघी मिळाली तर उत्तम. बसल्या बसल्या सगळ्या पानांवर आकडे टाक. मधला आकडा गायब झालेला डोळ्यांना खुपतो, म्हणून पान फाडवत नाही. खोडरबर घरी, बॉलपेन सोबत.

आता मळ्याचं. एका माणसाच्या मागे लागू नकोस. टोळी तेच काम दिवसभर करते, म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा तुझ्यासमोर येते. एका पानावर चार आकृत्या सुरू कर: कापताना, वाकताना, घड डोक्यावर घेताना, चालताना. जी अवस्था समोर येईल तिच्यात दोन रेघा घाल आणि दुसरीकडे वळ. पहिली रेघ डोक्यापासून ज्या पायावर भार आहे त्या पायापर्यंत. चेहरा, बोटं नंतर. वजन त्या रेघेत असतं, फोटोवरून करताना तीच सुटते, कारण आपण कडेकडेने काढत जातो.

प्रतिसाद २

वरच्या ताईंशी सहमत. एक भर घालतो: घड आणि मान यांच्यामधली मोकळी जागा आधी काढून बघ. नुसता त्या पोकळीचा आकार. घड किती दाबतोय ते तिथे लगेच कळतं. मी बसस्टँडवर बोचकी घेऊन बसलेल्या माणसांवर हा सराव वर्षभर केला.

मूळ धागाकर्ती

ताई, दादा, मनापासून आभार. आज सकाळी सहाला वही घेऊन गेले. पाच आकृत्या सुरू केल्या, दोन उभ्या राहिल्या. एकीला हातच नाहीत, पण गुडघा असा वाकलाय की घड जड आहे हे आईलाही न सांगता कळलं. पान ७ वर केळीचा चीक सांडला. आधी पाण्यासारखा होता, आता तपकिरी व्हायला लागलाय. तो डाग आता जायचा नाही, पान वहीतच आहे.

आता एक नवीनच अडलंय. मी काढतेय हे कळल्यावर टोळीतले एक काका घड खाली ठेवून, केस नीट करून ताठ उभे राहिले. त्यांना नाही म्हणवेना, म्हणून तसंच काढून दिलं, ते खूश झाले. पण मग दुसरेही थांबायला लागले आणि मुकादम ओरडला. कामात खोळंबा न करता, त्यांना वाईट न वाटू देता कसं सांगायचं? उद्याही हीच टोळी आहे.