शब्दचर्चा: संशयित, आरोपी, सिद्धदोष

प्रश्न:
नोएडातल्या निठारीच्या बालहत्यांवर लेख लिहिते आहे. जुन्या बातम्या चाळताना एक खटकलं. एकाच माणसाला कुठे 'संशयित', कुठे 'संशयित आरोपी' आणि मथळ्यात थेट 'नराधम' म्हटलेलं आहे, तेही खटला उभा राहण्याआधी. आता या प्रकरणात अटक झालेले मोनिंदर सिंग पंधेर आणि सुरिंदर कोली हे दोघेही सुटले आहेत. मग त्यांना काय म्हणायचं? आणि 'संशयित आरोपी' ही जोडी बरोबर आहे का?

प्रतिसाद:
ज्याच्यावर संशय आहे तो 'संशयित', जो संशय घेतो तो 'संशयी'. संशयी नवरा बायकोचा फोन तपासतो, संशयित नवऱ्याचा फोन पोलीस तपासतात. गुन्ह्यात नाव लागून अटक झाली की माणूस 'आरोपी' होतो. त्यामुळे 'संशयित आरोपी' लिहायचं कारण नाही. बातमीदार सावधगिरी म्हणून 'संशयित' जोडतात हे कळतं, पण ती सावधगिरी 'आरोपी'तच आहे: आरोप झालाय, सिद्ध व्हायचाय. सिद्ध झाला की 'सिद्धदोष', सुटला की 'दोषमुक्त'. 'आरोपी म्हणजे आरोप करणारा, म्हणून आरोपित लिहा' असा आग्रह हिंदीत काही जण धरतात. मराठीत तो वाद आणू नये, आपल्याकडे 'आरोपी' पक्का रुळलाय.

प्रतिसाद:
निठारीत या साऱ्या पायऱ्या चढून-उतरून झाल्या. 29 डिसेंबर 2006 रोजी नोएडाच्या सेक्टर 31 मधल्या डी-5 बंगल्यामागच्या नाल्यातून कवट्या आणि हाडं निघाली. बंगल्याचे मालक मोनिंदर सिंग पंधेर आणि घरकामाला असलेले सुरिंदर कोली यांना अटक झाली, म्हणजे दोघे आरोपी झाले. तपास सीबीआयकडे गेला. फेब्रुवारी 2009 मध्ये गाझियाबादच्या विशेष न्यायालयाने पहिल्या खटल्यात दोघांनाही फाशी सुनावली. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या खटल्यातून पंधेर यांना सोडलं, कोलींची फाशी मात्र 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली. 2014 मध्ये मेरठच्या तुरुंगात तिची अंमलबजावणी होणार होती, ती ऐनवेळी स्थगित झाली. पुढे दयेच्या अर्जावरच्या विलंबामुळे जन्मठेप झाली.

आणि मग 16 ऑक्टोबर 2023 रोजी उच्च न्यायालयाने कोलींना इतर 12 आणि पंधेर यांना इतर 2 खटल्यांत सोडलं. 2025 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची अपिलं फेटाळली. 11 नोव्हेंबर 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने क्युरेटिव्ह याचिकेवर (फेरविचारही फेटाळला गेल्यावर उरणारी शेवटची याचिका) कोलींची पहिल्या खटल्यातली उरलेली शिक्षाही रद्द केली. सगळा डोलारा कबुलीजबाबावर उभा होता. तो घेतला गेला सुमारे 60 दिवसांच्या पोलीस कोठडीनंतर, वकिलाची खरी मदत नसताना. 'आरोपीने दाखवलेल्या' जागेवरून हाडं काढल्याचं सांगितलं गेलं, पण ती जागा पोलिसांना आणि वस्तीला आधीच ठाऊक होती. अवयव-व्यापाराचा धागा केंद्राच्या समितीने सुचवला होता, तोही नीट तपासला गेला नाही म्हणून उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले.

'नराधम' हा मथळा मला म्हणूनच फार घातक वाटतो. एकदा तो छापला की दुसऱ्या कुणाला शोधायची निकड कुणालाच राहत नाही.

प्रतिसाद:
पण 'दोषमुक्त' आणि 'निर्दोष' एकच का? 'संशयाचा फायदा मिळून सुटला' असं म्हणतात तेव्हा लोक डोळे मिचकावतात.

प्रतिसाद:
डोळे मिचकावणं चूक आहे, कारण 'संशयित'मधला संशय आणि 'संशयाचा फायदा'मधला संशय वेगवेगळे आहेत. पहिला पोलिसांचा, माणसाबद्दलचा. दुसरा न्यायालयाचा, पुराव्याबद्दलचा. तरीही 'निर्दोष असल्याचं सिद्ध झालं' असं लिहू नका, ते सिद्ध करायला कुणी सांगितलेलंच नसतं. 'दोषमुक्त' किंवा 'निर्दोष मुक्तता' लिहा आणि तिथेच थांबा. 'माजी आरोपी' तर मुळीच नको, तो डाग कायमचा लागतो.

प्रतिसाद:
एक जोड. 'हत्याकांड' म्हटलं की एकाच वेळी घडलेली कत्तल डोळ्यांसमोर येते. इथे मुलं महिनोन्‌महिने एकेक करून नाहीशी होत होती, म्हणून 'हत्यासत्र' नेमकं.

प्रश्नकर्ती:
आभार. मुलांसाठीच्या शब्दांबद्दलही विचारायचं राहिलं. तक्रारी नोंदवायला गेलेल्या आईबापांची मुलं 'पळून गेलेली' ठरवली जात होती.

प्रतिसाद:
ताई, या प्रकरणातला पहिला चुकीचा शब्द तोच. 'पळून गेली' म्हटलं की दोष मुलाकडे जातो आणि शोध थांबतो. 'बेपत्ता' म्हटलं की पत्ता लावायचं काम पोलिसांकडे राहतं. ही गरीब, मोलमजुरी करणाऱ्यांची मुलं होती, म्हणून पहिला शब्द इतक्या सहज वापरला गेला. लेखात 'बेपत्ता' लिहा, अवशेषांवरून ओळख पटलेल्यांसाठी 'खून झालेली' लिहा. 'बळी' नको, त्यात कुणीतरी कशासाठी तरी दिल्याचा वास येतो.

आणि क्रियापदांकडे बघा. अटक झाली की मराठी बातमी माणसाला 'त्यांनी'वरून 'त्याने'वर आणते. कोली आणि पंधेर यांच्यासाठी आज 'त्यांनी' हवं, मालकाला आणि नोकराला सारखंच. 'निठारीतील संशयित' हा शब्द मात्र आज कुणालाच लावता येत नाही. त्या जागी सरळ लिहा: 'मुलांना कोणी मारलं, हे न्यायालयात सिद्ध झालेलं नाही.'